सिरोतेकचा पहिला उतार

पाणी सोडायला सुरुवात करून नऊ दिवस झाले होते. शुक्रवारी सकाळी मीला बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा सिरोतेकचं तळं असं काही उरलंच नव्हतं. नजर पोचेल तिथपर्यंत करडा, चकचकीत चिखल, त्यावर धुक्याची पातळ साय, आणि बांधाच्या पायथ्याशी मोठ्या अंगणाएवढं डबकं. त्या डबक्यात तीन वर्षं वाढलेले सगळे कार्प मासे एकमेकांवर चढत होते. पाण्यापेक्षा पाठीच जास्त दिसत होत्या.

"आवाज ऐक," शेजारी उभा असलेला वेंदेलीन पेशेक म्हणाला. "गिरणीत पोती ओतल्यासारखा. म्हणजे माल चांगलाय."

"तुम्ही न बघताच सांगता, पेशेककाका."

"चाळीस वर्षं बघितलंय. आता बघायचं काय राहिलंय?"

पेशेक अडुसष्ट वर्षांचा होता. कमरेच्या वर येणारे रबरी बूट, डोक्यावर सरकारी मत्स्यखात्याची जुनी टोपी. टोपीवरचा बिल्ला त्यानं काढून टाकला होता, पण त्याच्या जागेचं गडद वर्तुळ अजून तसंच होतं. बावन्न साली तो या तळ्याचा राखणदार म्हणून आला आणि बांधावरच्या घरात राहिला. त्याच्या आदल्या वर्षी तेच तळं, तोच बांध आणि तेच घर मीलाच्या वडलांकडून, आलोइस कोउकलांकडून सरकारनं काढून घेतलं होतं. आलोइस तुरुंगात गेले. चार वर्षांनी आले ते खोकतच आले, आणि एकसष्ट साली गेले.

आणि आता, ब्याण्णवच्या वसंतात, सरकारचाच कागद आला होता. तळं, बांध आणि घर वारसांना परत. वारस तीन: आई बोझेना, मीला, आणि बहीण लीबा. तळं रिकामं करून मासे काढायचा आजचा हा उतार कोउकलांच्या नावानं एक्केचाळीस वर्षांत पहिलाच.

मीलानं हातातल्या पातेल्यातून पेशेकला चहा ओतून दिला. त्यात रम होती. उताराच्या दिवशी ती असतेच, मग राज्य कुणाचंही असो.

"आठवतं का," मीला म्हणाला, "मी शाळेची पोरं घेऊन यायचो? सातवीचा अख्खा वर्ग. पोरींना टोपल्या, पोरांना जाळ्याची दोरी. आणि त्या खांबावरच्या कर्ण्यातून बँड वाजायचा."

"वाजायचा कसला, खरखरायचा. त्यात मधेच तुमच्या पक्षाचं भाषण."

"आमच्या," मीला हसला. मग हसू ओसरलं. तो सोळा वर्षं तालुक्याच्या शाळेचा मुख्याध्यापक होता आणि त्याहून जास्त वर्षं पक्षाचा सभासद. दोन वर्षांपूर्वी राज्य बदललं आणि त्याला दोन्ही सोडावं लागलं. आता तो दारोदार फिरून विमा विकायचा. ज्यांना त्यानं पाढे शिकवले ते दार अर्धवट उघडून म्हणायचे, सर, आता नको, पुढच्या महिन्यात या. "पण काका, पोरं खूश असायची हो. घरी जाताना एकेकाच्या कोटाखाली मासा. मी मुद्दाम पाठ करून उभा राहायचो."

"मीसुद्धा," पेशेक म्हणाला. "अख्खं गाव चोरायचं. सरकारचं ते कुणाचंच नाही. गेल्या आठवड्यात मी झेलेन्काला विचारलं, काय रे, यंदा येणार ना मासा उचलायला? तर म्हणतो, छे छे, आता ते कोउकलांचं आहे, बरं दिसत नाही. विकत घेईन म्हणाला." त्यानं मान हलवली. "मला वाईटच वाटलं. चांगला चोर होता."

दोघं हसले. मग पेशेकनं चहाचा कप रिकामा करून बुटावर झटकला आणि तळाकडे बघतच विचारलं, "लीबा येणारे?"

"येणार. शार्काबरोबर."

"कागद घेऊन?"

मीलानं उरलेला चहा चिखलात ओतला. लिंझचा एक ऑस्ट्रियन, लाइटगेब नावाचा, तळं घ्यायला तयार होता. सोमवारपर्यंत तिघांच्या सह्या हव्यात, आणि बांधावरचं घर रिकामं हवं, अशी त्याची अट होती.

"माझं काय," पेशेक म्हणाला, "बहीण आहे ताबोरला. तिच्याकडे वरच्या मजल्यावर खोली आहे." आणि लगेच चिखलात उतरत त्यानं खालच्या माणसांना हाक मारली, "ए, जाळं घ्या! ऊन वर येईपर्यंत काय लग्नाची वाट बघताय?"

*

लीबाची मुलगी शार्का आईबरोबर पोचली तेव्हा पहिलं जाळं ओढून झालं होतं. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. लाकडी टेबलांवर मासे ओतले जात होते. मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे, दातेरी पाइक वेगळ्या टपात. शार्काला हा चिखलाचा वास ओळखीचा होता. उन्हाळ्यात याच तळ्यात ती पोहायला शिकली, आणि शनिवारी संध्याकाळी घरी जाताना बसमधल्या सगळ्या पोरांच्या केसांना हाच वास असायचा. तेव्हा समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. मागच्या वर्षी तिनं पाहिला. निळा होता, मोठा होता, पण तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं.

"बूट बदल," लीबा म्हणाली. "आणि ते पाकीट ओलं करू नकोस."

लीबा सेहेचाळीस वर्षांची, सडपातळ, कोट स्वतः शिवलेला, इतका नेटका की गावातल्या बायका अजूनही तिची शिवण वळून बघत. ती पेशेकपासून दहा पावलांवरून गेली. त्यानं टोपीला हात लावला. ती टेबलावरच्या माशांकडे बघत पुढे गेली. अठ्ठावीस वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. शार्कानं लहानपणी कारण विचारलं होतं तेव्हा एवढंच ऐकलं होतं: त्या माणसानं माझी डॉक्टरकी खाल्ली.

बांधावरच्या घरात आजी चुलीपाशी होती. उताराच्या दिवशी सगळ्यांचं जेवण इथेच शिजे, आणि गेली कित्येक वर्षं ते रांधायला पेशेक बोझेनाआजीलाच बोलावत असे. माशांची डोकी आणि गाबोळी घालून केलेलं सार मोठ्या हंड्यात रटरटत होतं.

"आलीस? कांदा चिर," आजी म्हणाली. त्र्याहत्तर वर्षांची होती, पण हंडा एकटी हलवायची. "आणि सांग मला, तुझा तो ऑस्ट्रियन काय करणार इथे?"

"माझा नाही गं, आजी. आमच्या ऑफिसचं गिऱ्हाईक." शार्का बुद्येयोवित्समध्ये एका पर्यटन कंपनीत होती आणि तिचं जर्मन चांगलं होतं. "छोटे छोटे बंगले बांधणार. होड्या ठेवणार. मुलांसाठी घसरगुंडी. आणि मला म्हणाला, इथलं ऑफिस तू सांभाळ."

"आणि मासे?"

"लोक गळानं धरणार, फोटो काढणार आणि परत पाण्यात सोडणार."

आजीचा डाव हंड्यातच थांबला. "धरलेला मासा सोडणार? का? आजारी असतो का?"

"हौस असते त्यांना, आजी."

"हौस." आजीनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "बरं आहे. आमच्या वेळी नाताळच्या कार्पासाठी चौकात टपासमोर दोन दोन तास रांग असायची. थंडीत पाय गोठायचे. पण सगळ्या गप्पा तिथेच व्हायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला फ्लॅट मिळाला, संत्री कुठल्या दुकानात आलीत. आता सगळं मिळतं, आणि कुणाचं काय चाललंय ते कळत नाही." तिनं मीठ घातलं. "तुझ्या आईला बोलव. चव घ्यायला ये म्हणावं."

"ती आत येणार नाही. तुला माहितीय."

"आज येईल," आजी म्हणाली. "घर तिचं झालंय ना आता?"

*

लीबा आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली. याच घरात तिचा जन्म झाला होता आणि पाच वर्षांची असताना एका हातगाडीवर बसून ती इथून बाहेर पडली होती. तिला वाटलं होतं, आत पाऊल टाकताच काहीतरी उफाळून येईल. तसं काही झालं नाही. जमिनीवर हिरवं लिनोलियम होतं, खिडकीत कांद्याची वेणी, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले मोजे. एका एकट्या म्हाताऱ्या माणसाचं स्वयंपाकघर.

मीला आधीच टेबलाशी बसला होता, बूट काढून. शार्कानं चार ताटल्या मांडल्या. बाहेरून माणसांचे आवाज येत होते, आणि त्यात पेशेकचा, "हळू, हळू, बटाटे नाहीत ते!"

लीबानं पाकीट टेबलावर ठेवलं. "जेवणाआधी आटपू या. मला दुपारी परत जायचंय."

"आटपू या?" मीला म्हणाला. "बाबांचं तळं आहे, लीबा. लाइट बिल नाही."

"बाबांचं तळं तुला आता आठवलं? मुख्याध्यापक असताना अर्जात काय लिहायचास? वडील शेतमजूर."

"ते सगळेच लिहायचे."

"मी नव्हते लिहीत."

"म्हणून तर," मीला बोलून गेला आणि थांबला.

"बोल की. म्हणून तर शिवणयंत्रावर बसलीस, असंच ना?"

"मामा, आई, प्लीज," शार्का म्हणाली. "मामा, लाइटगेब चांगला माणूस आहे. तळं बुजवणार नाही. तुम्हाला तरी या वयात माशांच्या मागे कशाला धावायचंय?"

"मला काहीतरी करायचंय गं," मीला म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "विमा विकायला जातो तेव्हा लोक माझ्याकडे बघतात ते मला माहितीय. इथे आज सकाळी पहिल्यांदा दोन वर्षांनी मला कुणी सर म्हटलं, आणि त्यात टोमणा नव्हता. पेशेककाका अजून पाच-सहा वर्षं सहज करतील. मी त्यांच्याकडून शिकेन. एवढंच."

"पेशेक." लीबानं पाकीट बाजूला सारलं. "बरं झालं नाव काढलंस. मला तळ्याचं काही पडलेलं नाही, मीला. लाइटगेब घेवो नाहीतर कुणी घेवो. पण तो माणूस या घरातून बाहेर पडलेला मला बघायचाय. आपण हातगाडीवरून गेलो तसा. चौसष्ट साली मला वैद्यकीयला जागा मिळाली होती. गुण होते माझे. फक्त गावच्या समितीची शिफारस हवी होती, आणि समितीत हा होता. जमीनदार कुलकाची मुलगी, शिफारस नाही. दोन ओळी. दोन ओळींत माझं आयुष्य."

"त्या ओळी त्यानं लिहिल्या नाहीत," बोझेना म्हणाली.

ती चुलीपाशीच उभी होती, पाठमोरी. तिनं हंड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि मग वळली.

"आई, तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"बाजू घेत नाही. सांगते. त्या उन्हाळ्यात अर्ज दोन होते. तुझा, आणि मीलाचा, शिक्षक व्हायच्या शाळेसाठी. आधी एकदा त्याला नाकारलं होतं, तो चार वर्षं डेपोत पोती उचलत होता. समितीनं मला बोलावलं. वेंदेलीन पेशेक म्हणाला, दोन्ही पोरं हुशार आहेत, दोघांनाही द्या. भांडला. अध्यक्ष म्हणाला, कोउकलांच्या घरातून एकच. कुणाचं नाव लिहू, बाई, तुम्हीच सांगा."

बाहेर एक टप सांडला आणि माणसं हसली.

"बाहेर बाक होता. मला विचार करायला दहा मिनिटं दिली. मी अर्धा तास बसले. मग आत जाऊन मीलाचं नाव सांगितलं."

लीबानं आईकडे बघितलं. मग मीलाकडे. मीलाचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "लीबा, शपथ. मला सांगितलं की माझ्या गुणांवर..."

"तुला कसं माहीत असणार? तुला कधी काही माहीत नसतंच." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं शार्काला वाटलं. "का, आई?"

"तो मुलगा होता. बाप नसलेल्या घरात मुलाला काम हवं, असं तेव्हा मला वाटायचं. आणि तू..." बोझेनानं पुन्हा हात पुसले. "तू चलाख होतीस. तू कशीही निभावशील, असं वाटलं. तो नसता निभावला."

शार्कानं विचारलं, तिच्याही नकळत, "आजी, त्या जागी मी असते आणि मला एखादा भाऊ असता, तर?"

बोझेना नातीकडे वळली. "तेव्हा विचारलं असतंस तर भाऊ म्हटलं असतं. आज विचारतेस, तर मला उत्तर येत नाही."

मीलानं एकदम पाकीट ओढलं आणि खिशातून पेन काढलं. "मी सही करतो. तळं विका, घर विका. माझा हिस्साही तूच घे, लीबा. सगळं तुझं होतं."

"ठेव ते पेन."

"मी खरंच..."

"ठेव म्हटलं ना! मला तुझी दया नको. अठ्ठावीस वर्षांनी मुख्याध्यापकपद वाटून देणारेस का मला?" ती उठली. कोटाचं बटण लावायला गेली, पण ज्या हातांनी तिनं हजारो बटणं लावली होती त्यांना ते एक लागेना. तसंच सोडून ती बाहेर पडली.

शार्कानं कागदांचं पाकीट उचलून कपाटावर ठेवलं, त्यावर सार सांडू नये म्हणून. तिला जाणवलं की सकाळपासून ती ज्या सह्यांची वाट बघत होती, त्या आता तिलाच मागवत नव्हत्या.

*

लीबा बांधावरून चालत राहिली. मागे माणसं ताटल्या घेऊन घराकडे निघाली होती, जेवणाची वेळ झाली होती. ऊन पडलं होतं. चिखलावर बगळे उतरले होते.

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण डोळ्यांसमोर भलतंच येत होतं. शिवणकारखान्यातला लांब दिवाणखान्यासारखा हॉल. सव्वीस यंत्रं, सव्वीस बायका. पश्चिमेकडचं एक फॅशनचं मासिक कुणीतरी लपवून आणायचं आणि दुपारच्या सुट्टीत त्यातले नमुने वर्तमानपत्रावर उतरवले जायचे. आठ मार्चला प्रत्येकीला एक लाल फूल आणि एक टॉवेल मिळायचा, आणि व्यवस्थापक दोन पेले चढवून सगळ्यांशी नाचायचा. टॉवेलचा ढीग अजून तिच्या कपाटात होता. ती मुकादम झाली. बायका तिच्याकडे नवऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन यायच्या, पोरांचा ताप दाखवायला यायच्या, कारण लीबाला डॉक्टरकीतलं कळतं असा त्यांचा समज होता. गेल्या वर्षी कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी सगळ्या रडल्या, आणि लीबा सगळ्यांत जास्त.

म्हणजे मी तिथे सुखी होते, तिच्या मनात आलं. आणि हे तिनं स्वतःला कधी कबूल करू दिलं नव्हतं. केलं असतं तर पेशेकचं काय करायचं होतं?

तो बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीपाशी होता. एकटाच. जेवायला गेला नव्हता. लहान मासे, पुढच्या वर्षीसाठी राखलेले, टपातून शेजारच्या छोट्या हिवाळी तळ्यात सोडत होता, एकेक ओंजळ.

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं आणि तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"सांगितलं तिनं," तो म्हणाला.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" अठ्ठावीस वर्षांनी तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं. "दरवर्षी मी तुमच्यासमोरून जायची. तोंड फिरवून. एकदा दुकानात तुमच्या पायाजवळ थुंकले होते मी. तुम्ही दार धरून उभे राहिलात."

"थुंकणं चांगलंच नेमकं होतं."

"हसण्यावारी नेऊ नका."

पेशेक कण्हत उठला, गुडघ्यावर हात टेकवून. "तुला कुणावर तरी राग धरायचाच होता, पोरी. अठरा वर्षांची होतीस. मी शेजारी होतो. ती आई होती. शेजाऱ्यावर राग धरून जगता येतं. आईवर धरून..." त्यानं हात झटकले. "शिवाय मी तुमच्याच घरात झोपत होतो. तुमच्याच चुलीवर चहा करत होतो. थोडं देणं लागत होतोच की."

"घर तुम्ही नव्हतं घेतलं."

"रिकामं होतं, मला चावी दिली. मी घेतली. कुणाचं आहे ते मला माहीत नव्हतं, असं नाही."

टपात अजून मासे होते, बोटभर लांबीचे, चांदीसारखे. तिनं कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि ओंजळ आत घातली. पाणी बर्फासारखं होतं. मासे हातात वळवळले आणि ती दचकली, मग ओंजळ छोट्या तळ्यात रिकामी केली.

"बोटं मिटू नकोस," पेशेक म्हणाला. "गुदमरतात. वाटीसारखी धर. हां, अशी."

दोघांनी मिळून टप रिकामा केला. मग त्यानं मोरीच्या तोंडाशी रचून ठेवलेल्या ओकच्या फळ्यांकडे मान हलवली. "आता या बसवायच्या. म्हणजे पाणी धरायला लागेल. मार्चपर्यंत भरतं. पण ते काय आता, तुमच्या ऑस्ट्रियनलाच विचारायला हवं. हव्या तर मी आज बसवतो, नको तर मोरी उघडी ठेवतो. ठरवा तुम्ही. मला फक्त ताबोरला कधी जायचं ते आठ दिवस आधी सांगा. बहिणीला खोलीतले सफरचंदांचे खोके हलवावे लागतील."

लीबानं फळीचं एक टोक उचललं. ओली आणि जड होती. "दुसरं टोक धरा."

"कोट खराब होईल."

"मी शिवलाय, मीच धुवेन." फळी खाचेत सरकली. तिनं दुसरी उचलली. "आणि ताबोरचं काय मधेच? मार्चमध्ये पिलं सोडायला कोण येणार, मीला? त्याला कार्प आणि बूट यांतला फरक कळत नाही."

टोपी काढून पेशेकनं कपाळ पुसलं, जरा जास्तच वेळ. मग तिसऱ्या फळीला हात घातला.

शेवटची फळी बसली तेव्हा झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज बारीक झाला आणि मग थांबला.

*

ती परत आली तेव्हा स्वयंपाकघर रिकामं होतं. माणसं बाहेर अंगणात उन्हात बसून सार पीत होती. मीला कुणालातरी माशांच्या वजनाबद्दल चुकीचं काहीतरी सांगत होता, आणि शार्का त्याला दुरुस्त करत होती. बोझेना एकटीच टेबलाशी बसली होती. समोर एक ताटली झाकून ठेवलेली.

लीबानं हात धुतले. लाल झाले होते. ती आईच्या समोरच्या खुर्चीवर बसली, शेजारच्या नाही. ताटलीवरचं झाकण काढलं. सार अजून गरम होतं.

लीबानं चमचा उचलला.

"माफी मागणार नाही मी," बोझेना म्हणाली. "मागून तुला डॉक्टर करता येणार नाही. पण त्या बाकावर मी अर्धा तास बसले ना, लीबा, तिथून मी अजून उठलेली नाही. एवढंच सांगायचं होतं."

लीबानं पावाचा तुकडा मोडला. तो सारात बुडवला. खाल्ला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

बोझेनानं मिठाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. लीबानं ते घेतलं, पण मीठ घातलं नाही. भांडं हातातच ठेवून ती म्हणाली,

"निभावलं मी, आई."

"हो," बोझेना म्हणाली. "निभावलंस."

"तू म्हणालीस म्हणून नाही."

"नाही," म्हातारी म्हणाली, आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर धरून बसली. लीबा उठली नाही, जवळही गेली नाही. तिनं फक्त टेबलाखालून पाय पुढे सरकवला, आणि आईच्या जाड लोकरी मोज्यांना तिचा पाय लागला तेव्हा तो मागे घेतला नाही.